ग्राहकाची ओळ बदला, पैशाची ओळ बदलू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एसक्यूएलमधलं 'अपसर्ट' पाहिलं. एकाच आदेशात दोन कामं: ओळ आधीपासून असेल तर ती बदला, नसेल तर नवीन घाला. 'अपडेट' आणि 'इन्सर्ट' हे दोन शब्द जोडून हे नाव पडलंय. आदेश कसा लिहायचा ते व्हिडिओत आहेच. इथे मला त्याबद्दल एक मत मांडायचंय, कारण व्हिडिओत ते घाईत राहिलं असतं.

माझं मत असं: तुमच्या दुकानातल्या याद्यांना अपसर्ट जरूर वापरा. ग्राहकांची यादी, मालाची यादी, पुरवठादारांची यादी. पण विक्री, खरेदी, उधारी, वसुली या नोंदींवर अपसर्टने जुनं पुसून नवीन लिहू देऊ नका. तिथे प्रत्येक वेळी नवीन ओळच घालायची. आणि कुठली गोष्ट यादी आणि कुठली नोंद, हे सॉफ्टवेअरवाल्यावर सोडू नका. ते मालकाने ठरवायचं.

"सर, मी कुठे प्रोग्रामर आहे?" असं म्हणणारे बरेच जण आहेत. पण तुम्ही फोनवर बिलिंग अ‍ॅप वापरता ना? अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आधीपासून असतो आणि पुष्कळ अ‍ॅप्स त्यातच माहिती ठेवतात. तुम्ही 'सेव्ह' दाबता किंवा एक्सेलची फाइल 'इम्पोर्ट' करता, तेव्हा पडद्यामागे असाच काहीतरी आदेश चालतो. आदेश तुम्ही लिहिलेला नसला तरी त्याचा परिणाम तुमच्याच गल्ल्यावर होतो.

वहीत हे आधीपासून आहे

आपल्याकडच्या जुन्या हिशेबाच्या पद्धतीत हा फरक व्यवस्थित सांभाळलेला होता. रोजकीर्दीत त्या त्या दिवशीचा व्यवहार तारखेने एकाखाली एक लिहायचा. मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर तो उतरवायचा. रोजकीर्दीत आकडा चुकला तर खाडाखोड चालायची नाही. दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय झालं, दोन्ही दिसायचं.

पण गिऱ्हाईकाने घर बदललं, तर खात्याच्या पानावरचा पत्ता सरळ खोडून नवा लिहायचे. त्यासाठी कुणी नवीन पान उघडत नसे.

डेटाबेसमध्ये हेच करायचंय. पत्ता बदलला तर ओळ बदला. पैसे आले-गेले, माल आला-गेला, तर नवीन ओळ घाला. आजोबांच्या वहीला जी शिस्त होती ती दीड हजार रुपयांच्या अ‍ॅपलाही हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आदेश मुळात काय करतो

पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या दोन्हींत आदेश साधारण असा वाचला जातो. प्रत्यक्षात तो इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, इथे फक्त समजण्यासाठी लिहितोय:

इन्सर्ट इनटू ग्राहक (खाते_क्रमांक, नाव, मोबाइल, पत्ता) व्हॅल्यूज (...) ऑन कॉन्फ्लिक्ट (खाते_क्रमांक) डू अपडेट सेट मोबाइल = नवा मोबाइल, पत्ता = नवा पत्ता

अर्थ सोपा आहे. ही ओळ घाल. याच खाते क्रमांकाची ओळ आधीच असेल तर भांडू नकोस, तिचा मोबाइल आणि पत्ता तेवढा बदल. पोस्टग्रेमध्ये ही सोय २०१६ च्या जानेवारीत, ९.५ आवृत्तीत आली. एसक्यूलाइटमध्ये २०१८ मध्ये आली. मायएसक्यूएलमध्ये हेच काम 'ऑन ड्युप्लिकेट की अपडेट' करतं. एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात यासाठी 'मर्ज' नावाचा आदेश आहे.

काही जण विचारतात, आधी शोधून बघावं, नसेल तर घालावं, असेल तर बदलावं, असं दोन पायऱ्यांत केलं तर काय बिघडलं? एका काउंटरवर काही बिघडत नाही. दोन काउंटर असतील तर बिघडतं. पहिल्या काउंटरवरच्या मुलाने शोधलं, सापडलं नाही. त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवरच्या मुलीनेही तेच नाव शोधलं, तिलाही सापडलं नाही. दोघांनी घातलं. एकच ग्राहक, दोन खाती. निम्मी उधारी इकडे, निम्मी तिकडे, आणि वसुलीला गेल्यावर वाद.

म्हणून आधी त्या कॉलमला 'युनिक' ठरवायचं, म्हणजे डेटाबेस स्वतःच दुसरी ओळ घेणार नाही. आणि मग एकाच आदेशात काम करायचं. ज्या कॉलमला युनिकची अट नाही, त्याच्यावर वर लिहिलेला आदेश चालतच नाही. डेटाबेस सरळ चूक दाखवतो.

खरा प्रश्न ओळखीचा आहे

आदेश 'ही ओळ आधीपासून आहे का?' हे कशावरून ठरवणार? इथेच मालकाचं डोकं लागतं.

नावावरून? एका गल्लीत तीन पाटील काकू असतात. शिवाय एकाने मराठीत 'पाटील' लिहिलं आणि दुसऱ्याने इंग्रजीत लिहिलं, तर कंप्युटरसाठी ती दोन माणसं झाली.

मोबाइलवरून? नावापेक्षा बरं, पण त्यातही खोच आहे. एकाने सुरुवातीला प्लस ९१ लावलं, दुसऱ्याने शून्य लावला, तिसऱ्याने मध्ये जागा सोडली, चौथ्याने मराठी आकडे टाइप केले. नंबर एकच, ओळी चार. म्हणून साठवण्याआधी नंबर एकाच साच्यात आणावा लागतो: फक्त दहा आकडे, फक्त इंग्रजी अंक. शिवाय एकाच नंबरवर आई आणि मुलगा दोघांची वेगळी खाती असू शकतात. आणि बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याच माणसाला देते. मग नव्या माणसाचं नाव जुन्या माणसाच्या उधारीवर जाऊन बसतं.

मोबाइल दिलाच नाही, असे ग्राहकही असतात. तिथे रिकामी जागा कशी साठवली आहे यावर सगळं अवलंबून आहे. जागा 'नल' म्हणून साठवली, तर डेटाबेस सहसा दोन नल सारखे मानत नाही, म्हणून तोच ग्राहक दर वेळी नवीन ओळ होऊन येतो. उलट जागा रिकाम्या मजकुराने भरली, तर मोबाइल न दिलेले सगळे ग्राहक डेटाबेसला एकच वाटतात. वीस जणांच्या ओळी एकीवर एक चढतात आणि शेवटी जो आला त्याचं नाव उरतं.

माझा सल्ला जुनाच आहे. वहीत प्रत्येक नोंदीपुढे 'खाते पान' लिहायचे, म्हणजे खतावणीतल्या त्या माणसाच्या पानाचा नंबर. तुम्हीही प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा खाते क्रमांक द्या. तो कधी बदलायचा नाही, कधी दुसऱ्याला द्यायचा नाही. मोबाइल शोधायला वापरा, ओळख म्हणून खाते क्रमांक ठेवा.

पुरवठादारांसाठी काम सोपं आहे, कारण नोंदणी असलेल्या पुरवठादाराला जीएसटी क्रमांक असतो. पंधरा अक्षरांचा: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकाच पॅनवर दोन राज्यांत नोंदणी असेल तर क्रमांक दोन असतात, म्हणून ओळख पॅनवर न ठेवता पूर्ण पंधरा अक्षरांवर ठेवा.

बिल नंबरबद्दल मात्र सावध. जीएसटीच्या नियमात बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता वेगळा असावा लागतो. म्हणून पुष्कळ दुकानदार १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरुवात करतात. ओळख फक्त बिल नंबर ठेवली असेल आणि सॉफ्टवेअर 'असेल तर बदला' करत असेल, तर या वर्षीचं १ नंबरचं बिल मागच्या वर्षीच्या १ नंबरच्या बिलावर बसेल. ओळखीत आर्थिक वर्षही धरा. खरेदीच्या बिलात तर पुरवठादार, वर्ष आणि बिल नंबर असे तिन्ही मिळून एक ओळख लागते, कारण १०१ नंबरचं बिल दोन होलसेलरकडून येऊ शकतं.

दोन जागा जिथे यादीसुद्धा बिघडते

पहिली जागा: 'रिप्लेस'. मायएसक्यूएलमध्ये रिप्लेस आणि एसक्यूलाइटमध्ये 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' असा आदेश आहे. नावावरून वाटतं की हा अपसर्टच. पण तो ओळ बदलत नाही. जुनी ओळ पूर्ण काढून टाकतो आणि नवीन घालतो. तुम्ही फक्त नाव आणि नवा पत्ता दिला असेल, तर उधारीची मर्यादा, जन्मतारीख, शेरा, जे जे दिलं नाही ते सगळं कोरं होतं. आणि त्या ग्राहकाला जोडलेल्या नोंदी 'मूळ ओळ गेली तर याही काढा' अशा पद्धतीने बांधल्या असतील, तर मायएसक्यूएलमध्ये त्याही जाऊ शकतात. पत्ता बदलायला गेलो आणि खातं साफ झालं, असा प्रकार.

दुसरी जागा: एक्सेल. बारकोड तेरा आकडी असतो, भारतातल्या कंपन्यांचा बहुतेक ८९० ने सुरू होतो. एक्सेलमध्ये साध्या कॉलममध्ये टाकला की तो ८.९०१०३ई+१२ असा दिसायला लागतो. ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर जे दिसतंय तेच साठवलं जातं. पुढचे आकडे गेले. आता त्या कंपनीचा साबण, बिस्किट, शाम्पू सगळ्यांचा बारकोड एकच झाला. ही फाइल अपसर्टने इम्पोर्ट केली की पहिली ओळ घातली जाते आणि बाकीच्या सगळ्या तिच्यावर चढतात. पडद्यावर मात्र 'इम्पोर्ट यशस्वी' असंच येतं. उपाय सोपा आहे: बारकोडचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मग आकडे भरा. आणि इम्पोर्टनंतर किती ओळी नवीन पडल्या आणि किती बदलल्या, हे दोन आकडे बघितल्याशिवाय उठू नका. फाइलमध्ये तीनशे नवे माल असतील आणि सॉफ्टवेअर म्हणालं 'बारा नवीन', तर थांबा.

आता पैशाच्या ओळी

इथे माझं मत कडक आहे. उदाहरण घ्या. एका ताईंनी तीन वेळा उधारीवर माल नेला: १,२००, ९५० आणि १,२५० रुपये. एकूण ३,४००. मग त्यांनी १,००० रुपये दिले.

एक पद्धत अशी: ग्राहकाच्या ओळीतच 'बाकी' नावाचा कॉलम. आधी ३,४०० होते, आता तिथे २,४०० लिहिलं. संपलं. दुसऱ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "अहो, मी १,५०० दिले होते." आता तुमच्याकडे दाखवायला काय आहे? एक आकडा. तो कसा आला हे तो सांगत नाही.

दुसरी पद्धत: चार ओळी. तीन उधारीच्या, एक जमेची, प्रत्येकीला तारीख आणि वेळ. बाकी हवी असेल तेव्हा बेरीज करा, २,४०० च येईल. ताईंना फोन दाखवा, चारही ओळी वाचून दाखवा. वाद मिटला नाही तरी कशावर वाद आहे ते दोघांना कळेल. गावात, कॉलनीत धंदा करताना गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर याची किंमत हजार-पाचशेपेक्षा जास्त आहे.

स्टॉकचंही तसंच. 'स्टॉक चाळीस' असं नुसतं लिहून ठेवलं तर चाळीस कसे झाले ते कळत नाही. 'आहे त्यात चाळीस मिळव' असा आदेश ठेवला, तर तीच खरेदीची फाइल चुकून दोनदा इम्पोर्ट झाली की चाळीसचे ऐंशी होतात. त्यापेक्षा खरेदीच्या बिलातल्या प्रत्येक मालाची एक ओळ घाला, पुरवठादार, वर्ष, बिल नंबर आणि बिलातला अनुक्रमांक यांची मिळून एक ओळख ठेवा, आणि आदेशात सांगा 'आधीच असेल तर काहीच करू नकोस'. पोस्टग्रे आणि एसक्यूलाइटमध्ये त्यालाच 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' म्हणतात. फाइल दहा वेळा आली तरी माल चाळीसच राहील.

किमती आणि कराचे दर तर बघाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले. शाळेच्या वह्या १२ वरून शून्यावर. मालाच्या यादीत नवा दर अपसर्टने भरणं बरोबरच होतं, हजार ओळी हाताने कोण बदलणार? पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाच्या ओळीत दर साठवलेलाच नसतो आणि छापताना तो मालाच्या यादीतून उचलला जातो, तिथे ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं की त्यावर ५ टक्के येणार. ग्राहकाला दिलेल्या कागदावर १८, तुमच्या कंप्युटरवर ५, आणि भरलेल्या रिटर्नमध्ये पुन्हा १८. सीएकडे गेल्यावर काय उत्तर देणार? म्हणून बिलाच्या ओळीत त्या दिवशीचा भाव आणि त्या दिवशीचा दर कायमचा कोरला गेला पाहिजे. यादी बदलली तरी जुनं बिल हलता कामा नये.

सरकारनेही याच दिशेने नियम केलाय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असं कंपनी कायद्याखालच्या हिशेबाच्या नियमांत आहे. तो नियम नोंदणीकृत कंपन्यांसाठी आहे, तुमच्या-माझ्या प्रोप्रायटरी दुकानाला तो लागू नाही. पण उद्या धंदा वाढवून प्रायव्हेट लिमिटेड करायचं स्वप्न असेल, तर सवय आजच लावलेली बरी.

"पण एवढ्या ओळी साठवून अ‍ॅप जड होणार नाही का?"

हा आक्षेप मला नेहमी येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. दर वेळी सगळ्या ओळींची बेरीज करायला वेळ लागतो हे खरं. पण दिवसाला दोनशे बिलं आणि प्रत्येकात पाच माल धरले, तरी वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास ओळी होतात. साध्या कंप्युटरवरच्या डेटाबेसला हे ओझं नाही. फारच वाटलं तर बाकीचा एक वेगळा कॉलम ठेवा, पण तो ओळींवरून पुन्हा काढता आला पाहिजे. ओळी असतील तर बाकी काढता येते, नुसत्या बाकीवरून ओळी परत मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप: "बिलात चूक झाली तर ती दुरुस्तच करायची नाही का?" करायची ना! पण उलट नोंद करून. चुकीचं बिल रद्द म्हणून दाखवा, त्याचा नंबर तसाच ठेवा, नवं बिल नव्या नंबराने करा. माल परत आला असेल तर क्रेडिट नोट द्या. काउंटरवरच्या मुलाला जुनं बिल उघडून आकडा बदलता येत असेल, तर गल्ल्याची किल्ली त्याच्याकडेच आहे असं समजा. मुलगा प्रामाणिक असेलही, पण गल्ला जुळला नाही त्या दिवशी त्याच्यावरचा संशय दूर करायलासुद्धा तुमच्याकडे पुरावा नसेल.

विकत घेण्याआधी हे विचारा

सॉफ्टवेअर दाखवायला माणूस येईल तेव्हा रंगीत रिपोर्ट नंतर बघा. आधी त्याच्यासमोर या पाच गोष्टी करून बघा:

१. एकाच ग्राहकाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, नंबर तोच ठेवून दोनदा भरा. किती खाती झाली?

२. मोबाइल न देता दोन वेगळे ग्राहक भरा. दोन्ही शिल्लक राहिले का?

३. मालाची तीच फाइल लागोपाठ दोनदा इम्पोर्ट करा. स्टॉक दुप्पट झाला का?

४. एक बिल करा, मग त्या मालाचा भाव आणि कराचा दर बदला, आणि जुनं बिल पुन्हा छापा. आकडे तेच आले का?

५. जुनं बिल उघडून रक्कम बदलायचा प्रयत्न करा. बदलली गेली, तर कुणी आणि कधी बदलली ते कुठे दिसतं का?

अर्ध्या तासाचं काम आहे. समोरचा माणूस "हे असं कुणी करत नाही साहेब" म्हणाला, तर समजून जा की त्यानेही कधी करून पाहिलेलं नाही.

आणि सॉफ्टवेअर घ्यायचंच नसेल, अजून वही किंवा एक्सेलच असेल, तरी आजचं काम ठरलेलं आहे. एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे लिहा तुमच्या धंद्यातल्या याद्या आणि प्रत्येकीची ओळख काय. उजवीकडे लिहा तुमच्या नोंदी, ज्या एकदा लिहिल्या की पुसायच्या नाहीत. टिफिन सर्व्हिस असो, ब्युटी पार्लर असो की हार्डवेअरचं दुकान, दहा मिनिटांत कागद भरतो. एखादी गोष्ट डावीकडे की उजवीकडे असा प्रश्न पडला, तर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.

भेटूया लवकरच. धंद्याला शुभेच्छा!